ओपल आत्याचा नंबर

११ जानेवारी, रविवार

ट्रिनाला नंबर माहीत आहे. मला नाही.

आज कळलं. बेअरवॉलोला, घरी, चर्चहून आल्यावर. कुट्टूची धिरडी झाली होती, डॅडी मागे लाकडं आणायला गेले होते. मी सहज म्हटलं, डॅडी आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला असतात, तेव्हा घराला आग लागली, काही झालं, तर तिजोरी कोण उघडणार? माझ्या धाकट्या बहिणीने धिरड्याचा तुकडा तोंडात टाकला, नीट चावला, गिळला.

"मी."

"तुला नंबर माहितीये?"

"तुला नाही?"

एवढंच. मग डॅडी आले आणि ती त्यांच्या हातातली लाकडं घ्यायला उठली.

तिजोरीत ओपल आत्या असते. आम्हाला ओपल नावाची आत्या नाही. डॅडींनी बंदुकीला ठेवलेलं नाव आहे, म्हणजे दुकानात, चर्चमध्ये, फोनवर बोलता यावं. "ओपल आत्याला काल फिरवून आणली." "ओपल आत्याचा खोकला कसाय?" ऑटोमॅटिक आहे. घोडा दाबून धरला की गोळ्या संपेपर्यंत थांबत नाही. डॅडी खाणीत लागल्यावर तिसऱ्या वर्षी, १९८५ साली, त्यांनी ती घेतली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनने दार बंद केलं. साध्या माणसाला नवी ऑटोमॅटिक नाही, आधी नोंदवलेल्या तेवढ्याच राहतील. आता त्या जुन्या बंदुका डॉक्टर-वकिलांनाच परवडतात. आमच्या अख्ख्या काउंटीत दोन आहेत. त्यातली एक खाणकामगाराच्या घरात.

आणि नियम असा, की कागदावर ज्याचं नाव त्याच्याच ताब्यात ती राहिली पाहिजे. तो घरी नसताना दुसऱ्या कोणाला तिजोरी उघडता येत असेल, तर तो दुसरा गुन्हेगार. दहा वर्षांपर्यंत तुरुंग. म्हणून डॅडींनी नंबर कधी कोणाला सांगितला नाही. ममालासुद्धा नाही. सव्वीस वर्षांचा संसार, ममा गेली तरी तिला माहीत नव्हता. आमच्या घरात हे अभिमानाने सांगतात.

त्या माणसाने ट्रिनाला सांगितला.

मला ती बंदूक नको आहे. मला कुठलीच बंदूक नको आहे. मग राज्याच्या राजधानीत, कामावर परत येताना दोन तासांच्या रस्त्यात मी तीनदा रेडिओ का बंद केला?

१४ जानेवारी, बुधवार

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू. आमदार स्पर्लॉकसाहेबांचं विधेयक पहिल्याच दिवशी आलं. युक्ती साधी आहे. वॉशिंग्टनच्या बंदीतून सरकारांना सूट आहे. तेव्हा आपलं राज्यच नव्या ऑटोमॅटिक बंदुका विकत घेणार आणि नागरिकांना विकणार. राज्य दुकानदार होणार. "सैनिकाला जे, ते नागरिकाला" असे बिल्ले वाटत होते. चौकीवरच्या पोलिसानेही लावला होता.

विन्स्टेडबाईंनी मला आत बोलावलं. आमदार व्हायच्या आधी त्या बावीस वर्षं अपघात विभागात नर्स होत्या. "नोरीन, हे समितीच्या बाहेर पडता कामा नये. माणसं मी सांभाळते, कायदा तू वाच."

दिवसभर वाचला. मला हे काम आवडतं. खरंच आवडतं. इथे एक वाक्य बदललं तर एखादा माणूस जिवंत राहतो, असं मला वाटतं. कॉलेजात हे बोलले तर मुलं हसायची. घरी हे कधी बोललेच नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीदानाच्या दिवशी ट्रिनाची नेमबाजीची स्पर्धा होती. डॅडी तिकडे गेले. ती दुसरी आली.

ती दुसरी आली हे लिहिताना मला बरं वाटलं. असो.

१८ जानेवारी, रविवार

रेंजवर, नेमबाजीच्या मैदानावर गेले. विन्स्टेडबाई म्हणाल्या, जे थांबवायचं ते डोळ्यांनी बघून ये. हे कारण चांगलं आहे.

ट्रिना तिथे नोकरीला आहे. लाल जाकीट, कानावर ते मोठे कप, आणि आवाज असा की पुरुष गप्प उभे राहतात. "साहेब, घोड्यावरून बोट बाहेर. बोट बाहेर म्हटलं की बोट बाहेर. तुमच्या बायकोला तुम्ही पूर्ण परत हवे आहात." ओहायोहून आलेला एक दातांचा डॉक्टर होता, त्याच्याकडे तीन ऑटोमॅटिक. तो तिला "मॅडम" म्हणत होता.

डॅडी घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी. ओपल आत्या त्यांच्या पुढ्यात टेबलावर. ट्रिना गोळ्यांचं मॅगझिन भरून देते, ते चालवतात, ती पुढचं भरते. दोघं बोलत नाहीत. तिने मान वर केली की त्यांना कळतं. त्यांनी हात पुढे केला की तिला कळतं. मी कॉफी आणली. डॅडी म्हणाले, "ठेव तिकडे." तिकडेच थंड झाली.

रेंजवर नेहमी येणाऱ्या हॅचर म्हाताऱ्याने विचारलं, "डेलबर्ट, ही दुसरी पोरगी ना? सरकारवाली?"

"होय. ही आमची प्रोफेसर."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत. ट्रिनाला डॅडी "गड्या" म्हणतात. "गड्या, वारा बघ." "गड्या, पुरे आता, हात दुखतो." मला आठवतंय, मी नऊ वर्षांची होईपर्यंत गड्या मी होते. मग मला चष्मा लागला आणि मी पुस्तकं वाचायला लागले आणि तो शब्द खाली ट्रिनाकडे गेला, माझे कपडे जायचे तसा.

निघताना ट्रिना कुलपं लावत होती आणि आम्ही दोघंच ट्रकमध्ये होतो. मी विचारलं, "डॅडी, विधेयकाबद्दल तुमचं मत काय?"

ते काचेतून बाहेर बघत म्हणाले:

"चाळीस वर्षं झाली. तिजोरी बंद आहे का हे मी रोज दोनदा बघतो. एकही दिवस चुकला नाही." मग म्हणाले, "सगळी माणसं दोनदा बघत नाहीत, प्रोफेसर."

मी वही काढली नाही, पण शब्दन् शब्द लक्षात ठेवला. सबंध राज्यात याहून चांगला साक्षीदार नाही. स्वतः ऑटोमॅटिकचा मालक, खाणीतला माणूस, आणि तो म्हणतो, सगळ्यांना देऊ नका.

आणि तो माझा बाप आहे. माझ्या बाजूचा.

२५ जानेवारी, रविवार

विचारलं. नाही म्हणाले.

साक्ष द्या हे कसं सांगायचं ते मी पाठ करून गेले होते. फक्त पाच मिनिटं, डॅडी. मी लिहून देते. मी बाजूला बसते. ते गुडघा चोळत बसले. "घरातलं बोलणं घरात. मी हॅचरच्या विरुद्ध उभा राहणार नाही, आणि कोणाच्याच राहणार नाही."

"तुम्ही मला ट्रकमध्ये म्हणालात—"

"तुला म्हणालो. त्यांना नाही."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता. पण ट्रिना भांडी पुसत होती, ती पाठमोरीच मला म्हणाली, "सिसी, मला स्पर्लॉकसाहेबांच्या ऑफिसातून फोन आला होता. मी समितीपुढे बोलणारे. अकरा तारखेला. बाजूने."

"तू?"

"का? बोलायला डिग्री लागते?"

"आणि डॅडी येणारेत माझ्याबरोबर," ती म्हणाली.

मी डॅडींकडे बघितलं. ते म्हणाले, "बोलायला नाही. नुसतं बसायला."

बसायला! मी बसायलाच बोलावलं असतं तर?

३१ जानेवारी, शनिवार

ट्रिनाचा फोन. डॅडींनी निळा कोट धुवायला टाकला म्हणे. ममाच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विन्स्टेडबाईंना साक्षीदारांसाठी प्रश्न हवे आहेत. प्रत्येकाला दोन. सोमवारपर्यंत. डेंटिस्टसाठी झाले, बंदुकांच्या दुकानदारासाठी झाले, निवृत्त शेरीफसाठी झाले.

ट्रिना स्टॉलनेकर, वय बावीस, रेंज सुरक्षा कर्मचारी. हिच्यासाठी एक झाला. दुसरा सकाळपासून लिहिते आहे आणि खोडते आहे.

"तुमच्या घरी नोंदवलेली ऑटोमॅटिक आहे. वडील दवाखान्यात असतात तेव्हा तिजोरी कोण उघडू शकतं?"

प्रश्न रास्त आहे. अगदी रास्त. घरात बंदूक आली की ती घरातल्या सगळ्यांची होते, कागदावर नाव कोणाचंही असो, हा आमचा मुख्य मुद्दा आहे. हा प्रश्न कोणीही लिहिला असता.

कोणीही लिहिला असता का? ट्रिनाला नंबर माहीत आहे हे कोणाला ठाऊक आहे? मला.

ती काय उत्तर देईल? हुशार असेल तर "कोणीच नाही" म्हणेल. तसं म्हणाली तर सगळ्यांसमोर, डॅडींसमोर, तिला तो नंबर नाकारावा लागेल. एवढंच मला हवं आहे. तिने एकदा तोंडाने म्हणावं, मला माहीत नाही.

प्रश्न ठेवला.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

सगळं नीट लिहून ठेवते. उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

सभागृह भरलेलं. वर गॅलरीत बिल्लेवाले, खाली आम्ही कर्मचारी भिंतीशी खुर्च्यांवर, गळ्यात ओळखपत्रं. डॅडी तिसऱ्या रांगेत, निळ्या कोटात. आता तो त्यांना दोन मापं मोठा होतो. मला बघून त्यांनी दोन बोटं वर केली. मी हात हलवला.

ट्रिनाने ममाचा हिरवा ड्रेस घातला होता. तो मी मागितला होता, दोन वर्षांपूर्वी, तेव्हा सापडत नाही म्हणाली होती. शपथ घेतली. मला वाटलं अडखळेल. तिने कागद आणलाच नव्हता.

"मी रेंजवर काम करते," ती म्हणाली. "आमच्याकडे ऑटोमॅटिक घेऊन कोण येतं सांगू? दातांचे डॉक्टर. मी आजवर एकही खाणकामगार बघितला नाही, माझे वडील सोडून. खाणकामगाराला हवी असेल तर तो भाड्याने घेतो. दोन मिनिटं. मग परत देतो आणि खाणीत जातो. वॉशिंग्टनने बंदुका बंद केल्या नाहीत. गरिबाच्या बंद केल्या. उद्या तुम्ही म्हणाल मासेमारीची परवानगी फक्त डेंटिस्टना. चालेल? माशांना चालेल कदाचित, दात तपासून मिळतील."

गॅलरी हसली. विन्स्टेडबाईसुद्धा हसल्या. मी हसले नाही. हा मुद्दा मला सुचायला हवा होता. मी गरिबांसाठी म्हणून इथे आले. मी सतरा पानांचं टिपण लिहिलं आणि त्यात "गरीब" हा शब्द एकदा आहे, तळटिपेत. आणि डॅडी! तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होते. तसे ते माझ्याकडे कधी बघणार? मी काय करायला हवं म्हणजे ते तसे बघतील?

मग विन्स्टेडबाईंनी चष्मा लावला. पहिला प्रश्न झाला. दुसरा.

"मिस स्टॉलनेकर, वडील दवाखान्यात असतात तेव्हा तिजोरी कोण उघडू शकतं?"

ट्रिनाने वाचणाऱ्या बाईंकडे बघितलं नाही. सरळ भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे. तिला कळलं. ते वाक्य माझं आहे, धिरड्यांवरचं, हे तिने ओळखलं. मी मनात म्हटलं, म्हण. नाही म्हण.

"मी," ती म्हणाली. "नंबर डॅडींना माहितीये आणि मला. आणखी कोणाला नाही."

शेवटचे शब्द माझ्याकडे बघून म्हणाली.

समितीचे वकील कागद चाळत होते, ते थांबले. स्पर्लॉकसाहेब पुढे वाकून काहीतरी कुजबुजले, पण उशीर झाला होता. शपथेवर, कॅमेऱ्यासमोर. मी डॅडींकडे बघितलं. ते कोटाचं बटण लावत होते. लावलेलंच होतं ते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ती फीत सगळीकडे फिरते आहे. ऑफिसात केक आणला. "यांच्याच साक्षीदाराने सिद्ध केलं!" मला सगळे खांद्यावर थोपटत होते.

विन्स्टेडबाईंनी दार लावून घेतलं. "प्रश्न चांगला होता. उत्तर इतकं वाईट येईल हे तुला माहीत होतं?"

मी केकची बशी टेबलावर ठेवली.

"ती तुझी बहीण आहे हे मला माहीत होतं, नोरीन. मला वाटलं, तसं काही असेल तर तो प्रश्न तूच काढून टाकशील. म्हणून मी न विचारता वाचला."

१५ फेब्रुवारी, रविवार

घरी. रेंजवाल्यांनी ट्रिनाला येऊ नको म्हणून सांगितलंय. फेडरल अधिकाऱ्यांचा फोन येऊन गेला, ते सत्तावीस तारखेला येणार. गावातल्या वकिलाने डॅडींना स्पष्ट सांगितलं, पोरीने स्वतःच कबूल केलंय, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बंदूक तर जाईलच.

डॅडी स्वयंपाकघरात बसून होते. टीव्ही बंद. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. "रस्त्यावर बर्फ होतं का?" एवढंच.

ट्रिना परसात ट्रकचं बॉनेट उघडून उभी होती. काही बिघडलेलं नव्हतं.

"तू लिहिलास ना?"

"हो."

"वाटलंच." तिने बॉनेट खाली आपटलं. "बाईंनी छान वाचला. तू वाचला असतास तर तुला जमलं नसतं."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रिना आज राजधानीत आली. न कळवता. माझ्या खोलीत कधी आली नव्हती. पुस्तकं बघत फिरली, एकाला हात लावला, परत नीट ठेवलं. मी पेपरोनी रोल गरम करून दिले. तिने एक अख्खा खाल्ला आणि मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली:

"मला नंबर माहीत नाही."

मला आधी कळलंच नाही.

"कधीच माहीत नव्हता. डॅडींनी मला सांगितला नाही. ते असताना तेच उघडतात. मी पाठ फिरवून उभी राहते. तशी शिस्तच आहे."

"मग त्या दिवशी, जेवताना—"

"मी चिडवत होते तुला."

"आणि शपथेवर?"

"तू बसली होतीस समोर," ती म्हणाली. "गळ्यात ते लटकवून. पायावर पाय असा टाकून. तुला माहितीये डॅडी डायलिसिसच्या नर्सांना काय सांगतात? दर वेळी. मी सोडायला जाते, दर वेळी ऐकते. माझी थोरली विधिमंडळात आहे. माझी थोरली कायदे लिहिते. नर्सा मला विचारतात, तू काय करतेस? मी सांगते, गाडी चालवते." ती हसली. "मला वाटलं, एवढं तरी माझं असू दे. एक तरी गोष्ट, जी तुला नाही."

मी म्हटलं, अगं, मग सुटलीस तू. हेच सांग त्यांना. नंबर माहीत नाही म्हणजे गुन्हाच नाही. समितीला माफीचं पत्र दे, खोटं बोलले म्हणून, फार तर बोलणी खाशील.

"डॅडींसमोर सांगू? की मला नंबर दिला असं सगळ्या राज्याला खोटं सांगितलं?"

"हो."

"नाही," ती म्हणाली. "त्यापेक्षा दहा वर्षं परवडली."

ती गेल्यावर मी खूप वेळ उभीच होते. छातीवरून काहीतरी उतरलं होतं. आधी वाटलं, ती वाचू शकते म्हणून. मग कळलं. तिलाही दिला नव्हता, म्हणून.

बहीण तुरुंगाच्या दारात, आणि मला हलकं वाटतंय. हे मी लिहिलंय. खोडणार नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन अधिकारी आले. एक पुरुष, एक बाई. पायपुसण्यावर बूट नीट पुसले. डॅडींनी त्यांना कॉफी विचारली, त्यांनी घेतली. आमचा वकील सोफ्यावर.

बाईंनी ट्रिनाला विचारलं, "तुम्ही समितीला सांगितलंत की तुम्हाला नंबर माहीत आहे. खरं आहे का?"

मी तिच्याकडे बघत होते. सांग. ट्रिनाने ओठ चावला. डॅडींकडे एकदा बघितलं.

"खरं आहे."

मी म्हटलं, "नाही, तिला—" वकिलाने हात वर केला. त्याला मी काल फोनवर सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "तिजोरी तिथे आहे. मालक इथे आहेत. तिलाच उघडून दाखवू दे की."

बाईंनी खांदे उडवले. ट्रिना उठली. तिला वाटलं असेल, अंदाजाने नंबर लागेलही. तिजोरीपुढे गुडघ्यांवर बसली आणि चकती फिरवायला लागली. खोलीत फक्त त्या चकतीची टकटक.

पहिल्यांदा तिने ममाचा वाढदिवस फिरवला. मी बाजूलाच होते, मला आकडे दिसत होते. मग डॅडींच्या लग्नाची तारीख. मग स्वतःचा वाढदिवस, आणि तो दोनदा, जणू पहिल्यांदा हात चुकला असेल. हँडल हललं नाही. माझा वाढदिवस तिने फिरवून बघितला नाही. आणि माझ्या मनात, त्या वेळीसुद्धा, हे टोचलं!

तिच्या मानेला घाम आला होता. पाचव्यांदा हात चकतीवर गेला तेव्हा डॅडी म्हणाले, "पुरे, गड्या."

ती थांबली. वळली नाही.

डॅडी अधिकाऱ्यांना म्हणाले, "तिला माहीत नाही. मी कोणालाच दिलेला नाही. बायकोलाही नव्हता. पोरगी बोलून गेली."

बाई ट्रिनाच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनी वही मिटली. "मिस्टर स्टॉलनेकर, मी पुष्कळ खोटं बोलणारे बघितलेत. ते बहुतेक सुटायला खोटं बोलतात." मग म्हणाल्या, "वरिष्ठांना सांगते. पत्र येईल."

ते गेल्यावर ट्रिना तशीच बसून होती. डॅडी तिच्याजवळ गेले. खाली बसता येत नाही त्यांना, म्हणून नुसते उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी कपबशा उचलल्या.

५ मार्च, गुरुवार

पत्र आलं. कारवाई नाही. ट्रिनाने समितीला माफीपत्र लिहिलं. मी मदत करू का विचारलं, नको म्हणाली. "विधान" चुकीचं लिहिलं होतं. मी वाचलं आणि तसंच राहू दिलं.

१४ मार्च, शनिवार

अधिवेशन संपलं. विधेयक समितीतच राहिलं. आम्ही जिंकलो. विन्स्टेडबाईंनी कायमची नोकरी देऊ केली. मी विचार करते म्हटलं. त्या म्हणाल्या, "कर. तुझी चूक लोक विसरतील. तू विसरू नकोस, एवढंच."

ट्रिना ओहायोला गेली. त्या डेंटिस्टने तिथल्या एका रेंजसाठी शिफारशीची चिठ्ठी दिली आहे. जाताना ममाचा हिरवा ड्रेस माझ्या पलंगावर ठेवून गेली. मला होत नाही.

१७ मार्च, मंगळवार

डॅडींना आज मी नेलं डायलिसिसला. पुलाजवळ गाड्या थांबल्या होत्या. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी गेल्यावर कोणालातरी ती उघडावी लागेल. कागद भरावे लागतील. कागद तुला कळतात." आणि तीन आकडे सांगितले. ट्रकचं तेल बदलायला हवं, हे सांगावं त्या आवाजात.

कायदेशीर वाट मला माहीत होती. मीच वाचली होती. वकिलाकडे बंद पाकीट, आणि ते मृत्यूनंतरच उघडायचं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "परत एकदा सांगा, डॅडी."